न केलेल्या कर्माचा गंज

जुलैमध्ये वर्सोव्याच्या बंदरात समुद्र कामावर असतो आणि बोटी रजेवर. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ असतो आणि पावसाळी समुद्रही जिवावर बेतणारा असतो. अंधेरीच्या पश्चिम टोकाला, मढच्या समोर, खाडीच्या तोंडाशी या बोटी टेकू देऊन उभ्या केलेल्या, ताडपत्रीनं शाकारलेल्या दिसतात. जाळी दुरुस्त होतात, फळ्यांच्या सांधी भरल्या जातात, रंगाचा हात फिरतो. ही कामं दिसतात. इंजिनाच्या खणात काय चाललंय ते दिसत नाही, कारण तिथं काहीच चाललेलं नसतं. निदान तसं वाटतं. ऑगस्टात इंजिन सुरू होतं, पण जोर धरत नाही. धूर काळा येतो, आणि टर्बोच्या इंजिनात वाढत्या फेऱ्यांबरोबर एरवी ऐकू येणारी बारीक शीळ येत नाही. मेस्त्री हवेचा पाइप सोडवतो, आतलं चक्र चिमटीत धरून फिरवून पाहतो. चक्र हलत नाही. टर्बो जाम. मालक म्हणतो, "दोन महिने हातसुद्धा लावला नाही त्याला." हे वाक्य तो बचावासाठी बोलतो, मेस्त्रीच्या कानाला ते कबुलीसारखं लागतं. एकाला जो निर्दोषपणाचा पुरावा वाटतो, तोच दुसऱ्याला गुन्ह्याचा. या दोघांच्या मधल्या जागेत आपल्या धर्मविचारातला एक फार जुना वाद उभा आहे. जे केलंच नाही, त्याचा दोष लागतो का?

मीमांसकांनी हा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे मांडला. वेदानं सांगितलेली कर्मं एका जातीची नाहीत, असं ते म्हणतात. काही काम्य, म्हणजे स्वर्ग, संतती, पाऊस अशा एखाद्या फळाच्या इच्छेनं करायची. काही नैमित्तिक, प्रसंग आला की करायची. आणि काही नित्य: संध्यावंदन, अग्निहोत्र. नित्यकर्माचं गणित विचित्र आहे. ते केलं म्हणून पुण्याच्या खात्यात काही जमा होत नाही; पण ते चुकवलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त मोक्ष हवा असणाऱ्याला याच हिशेबानं वाट दाखवली: काम्य आणि निषिद्ध कर्मं सोडून द्यावीत, नित्य आणि नैमित्तिक करत राहावीत, आणि तीही मिळवण्यासाठी नव्हे, फक्त दोष टाळण्यासाठी. शंकराचार्यांना हा हिशेब पटला नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायावरच्या भाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्याच्या आरंभी त्यांनी त्याच्या पायावरच घाव घातला. न करणं हा अभाव आहे. दोष ही मात्र अस्तित्वात असलेली, भोगावी लागणारी गोष्ट आहे. मग जे नाहीच, त्यातून जे आहे ते कसं निपजेल? त्यांच्या मते विहित कर्म हातून सुटणं हे दोषाचं कारण नव्हे. आधी साचलेल्या दोषाची ती खूण आहे. तेराशे वर्षांपूर्वीचा हा वाद पोथीत मिटलेला नाही. पण हे दोन्ही पक्ष नेमकं काय म्हणतात, ते तपासायला जाम झालेल्या टर्बोइतकी उघडून पाहता येणारी वस्तू क्वचितच सापडेल.

टर्बोची कल्पना साधी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिन जो तापलेला धूर बाहेर फेकतं, त्याच्याच जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्रानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जळतं आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. एका टोकाला शेकडो अंशांनी तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला समुद्राची हवा, आणि मध्ये बोटभर जाडीचा शाफ्ट. तो बुशमध्ये टेकलेला नसतो. ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. लहान टर्बोत त्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या घरात जातात. पात्यांची कड आणि भोवतीचं धातूचं घर यांच्यात एक मिलिमीटरही अंतर नसतं. ज्याला एवढ्या वेगानं फिरायचं आहे त्याला अडवायला दगड लागत नाही, पापुद्रा पुरतो. हा पापुद्रा तीन ठिकाणांहून येतो. जाळ्यापाशी थांबून इंजिन तासन्‌तास मंद चालू ठेवलं की डिझेल पुरतं जळत नाही, आणि धुराच्या बाजूच्या चक्रामागे काजळी बसते. बंदराला लागताच तापलेलं इंजिन तसंच बंद केलं की टर्बोच्या पोटात अडकलेलं ऑइल भाजून त्याचा कोळसा होतो. आणि धुराचं नळकांडं उघडं राहिलं तर पावसाळी खारी हवा आत शिरते, घराचं बीड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगून त्या बारीक फटीत शिरतो.

आता मालकाच्या वाक्याकडे परत येऊ. दोन महिने त्यानं हात लावला नाही हे खरं. पण चक्र धरून ठेवणाऱ्या तिन्ही गोष्टींपैकी एकही त्याच्या हात न लावण्यातून जन्मलेली नाही. काजळी मे महिन्यातल्या मंद चालीची. कोळसा शेवटच्या फेरीनंतर घाईनं बंद केलेल्या इंजिनाचा. गंज समुद्राचा आणि आभाळाचा. शून्यातून काहीच आलेलं नाही. इथं शंकराचार्यांची बाजू निखालस बरोबर ठरते: अभावानं काही निर्माण केलं नाही, जे होतं तेच घट्ट झालं. त्यांनी सांगितलेली खूणही जुळते. ज्या इंजिनाचं चक्र पावसाळ्यात कुणी फिरवलं नाही, त्याचं नळकांडंही बहुधा झाकलेलं नसतं आणि ऑइलही वेळेवर बदललेलं नसतं. न फिरवणं हा ढिलाईचा आरंभ नव्हता, तिचा शेवटचा अंक होता. असं असूनही मेस्त्रीचं म्हणणं खोटं पडत नाही. शेजारच्या बोटीचं इंजिन त्याच जातीचं, त्याच पाण्यावर तेवढंच चाललेलं, त्याच पावसात उभं राहिलेलं. तिच्यावरच्या माणसानं आठवड्यातून एकदा पाइप सोडवून चक्राला चार फेरे दिले, नळकांड्याच्या तोंडाला प्लास्टिक बांधलं. त्याचा टर्बो मोकळा आहे. साठा दोघांकडे सारखाच होता. फरक फक्त एकदोन छोट्या कृतींच्या असण्या-नसण्याचा. म्हणजे मीमांसकांचं निदान चुकलं, पण त्यांचं पथ्य बरोबर होतं.

निदान आणि पथ्य यांची ही फारकत सांधायला न्यायदर्शन मदतीला येतं. नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थच मानला, आणि पुढच्या काळात एक बारीक मुद्दा मांडला. विस्तव आहे, लाकूड आहे, पण जाळण्याची शक्ती रोखणारा मणी जवळ ठेवला तर लाकूड जळत नाही. मणी उचलला की जळतं. तेव्हा जळण्याच्या कारणांमध्ये प्रतिबंधक नसणं हेही मोजावं लागतं. ते एकटं काही करत नाही. पण बाकीची सामग्री हजर असली तर तेवढ्या एका नसण्यानं पारडं झुकतं. आठवड्याचे चार फेरे हा असा मणी आहे. तो शाफ्टला काही देत नाही. गंजाला आणि कोळशाला सांधा जुळवू देत नाही, एवढंच. तो उचलला की आधीच हजर असलेली सामग्री आपलं काम करते. नित्यकर्मानं काही मिळत नाही आणि ते चुकवलं तर नुकसान होतं, हे ऐकायला अन्यायाचं वाटणारं गणित इथं उलगडतं. मिळत नाही, कारण ते मिळवण्याचं कर्म नाहीच. ते थोपवून धरण्याचं कर्म आहे. थोपवलेली गोष्ट घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की थांबणं कधीच रिकामं नसतं. आपण थांबलो तरी आपल्या आधीच्या चालण्याचा अवशेष थांबत नाही, आणि नित्यकर्म त्या अवशेषाशी केलेला रोजचा व्यवहार आहे.

हाच विचार मुंबईच्या उपनगरांत दुसऱ्या एका, जैन परंपरेत रोज संध्याकाळी आचरला जातो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या उपाश्रयांमध्ये चातुर्मासात साधू-साध्वी मुक्कामाला असतात आणि श्रावक प्रतिक्रमणाला, म्हणजे घडलेल्या दोषांच्या कबुलीला, बसतात. मासेमारीच्या धंद्यापासून जैन विचार जितका लांब आहे, तितकाच तो जाम टर्बोच्या निदानाच्या जवळ आहे. कारण जैनांनी कर्म हा नुसता नैतिक हिशेब मानला नाही. ते सूक्ष्म पुद्गल आहे, द्रव्य आहे, आणि ते जिवाला चिकटतं. चिकटायला ओलावा लागतो, तो क्रोध, मान, माया, लोभ या कषायांचा. कोरड्या भिंतीवर पडलेली धूळ झटकून जाते, तेलकट भिंतीवरची बसते. टर्बो उघडणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: सील गळून ऑइल पाझरलेल्या भागावर काजळीचा थर जाड असतो, कोरड्या भागावर पातळ. म्हणून जैन मार्गात दोन कामं वेगवेगळी सांगितली आहेत. संवर म्हणजे नवं आत येऊ न देणं, आणि निर्जरा म्हणजे बसलेलं झडवणं. नळकांड्याला प्लास्टिक बांधणं हा संवर. चक्राचे चार फेरे ही निर्जरा. एकानं दुसऱ्याचं काम भागत नाही. आणि प्रतिक्रमण दिवसाचं, रात्रीचं, पंधरवड्याचं, चार महिन्यांचं, वर्षाचं असं बांधून दिलेलं आहे, यातही शहाणपण आहे. वर्षातून एकदा क्षमा मागून वर्षभराचं झडत नाही, कारण कालची काजळी आणि सहा महिन्यांपूर्वीची काजळी एका हातानं निघत नाहीत.

पावसाळ्याच्या थांबण्याचा जुना दगडी पुरावाही याच उपनगरांत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांमध्ये शंभरावर गुंफा आहेत आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागेपासून जवळजवळ हजार वर्षं तिथं बौद्ध भिक्षूंचा वावर होता. भिक्षूनं पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, फिरायचं नाही, हा वर्षावासाचा नियम. त्याचं कारणही मासेमारी बंदीच्या कारणासारखंच आहे: ओल्या वाटेवरून चालताना कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत. पण चालणं थांबलं म्हणून सगळं थांबलं नाही. दर पंधरवड्याला उपोसथ, त्यात नियमांचं पठण आणि चुकांची कबुली. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा: प्रत्येक भिक्षूनं संघासमोर उकिडवं बसून, हात जोडून माझं काही चुकलेलं कुणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, तशी शंकाही आली असेल तर सांगा, अशी विनंती करायची आणि मगच वाटेला लागायचं. बंद खोल्यांत तीन महिने एकत्र राहणाऱ्या माणसांच्या मनात काय साचतं, ते हा नियम करणाऱ्याला चांगलं ठाऊक असणार. कान्हेरीच्या गुंफांशेजारी दगडात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. टाक्याला पावसाशिवाय कुणी काही करत नाही, तरी गाळ येतोच. तो काढणारा हात थांबला की टाकं वापरातून जातं. निवृत्तीचा एवढा मोठा प्रयोग करणाऱ्यांनीही थांबणं आणि सोडून देणं यांत गल्लत केली नाही.

यावर पहिला आणि सर्वांत टोकदार आक्षेप असा. न केलेल्या गोष्टींना अंत नाही. आज या क्षणी आपण जगातली जवळजवळ सगळी कामं करत नाही आहोत. वर्सोव्यातल्या प्रत्येक बोटीचं चक्र आपण फिरवलेलं नाही. तर मग सगळ्यांच्या गंजाचा दोष आपल्याला लागावा. आणि तो लागत नसेल तर बोटीच्या मालकालाच का? शुद्ध कार्यकारणाच्या भाषेत याला उत्तर नाही, कारण प्रतिबंधकाचा अभाव मालकाच्या बाजूनं जेवढा खरा आहे तेवढाच वाटसरूच्या. उत्तर मीमांसकांच्याच शब्दात आहे: अधिकार. नित्यकर्म सगळ्यांना सगळं सांगितलेलं नाही. ज्याचा ज्यावर अधिकार, त्यालाच ते विहित. आज अधिकार म्हटलं की हक्क आठवतो. शास्त्रातला अधिकार हक्क आणि जबाबदारी यांना एकत्र बांधणारा आहे: ज्यानं फळ घ्यायचं त्यानंच करायचं. आधुनिक कायदाही याच ठिकाणी येऊन थांबला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनं कृती या शब्दात बेकायदा अकृतीही धरली होती. पण बेकायदा हा शब्द घालूनच, म्हणजे जिथं करणं बंधनकारक होतं तिथं न करणं. जगभरच्या सगळ्या गंजाचं ओझं कुणाच्या डोक्यावर नाही. मात्र वर्षाचे दहा महिने ज्या शाफ्टच्या फिरण्यावर घर चालतं, त्या शाफ्टचे उरलेले दोन महिने परक्याचे होत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की यंत्राची उपमा म्हणजे युक्तिवाद नव्हे. शाफ्ट फिरवला की काय होतं ते दिसतं, मोजता येतं. संध्या, जप, प्रतिक्रमण यांनी काय झडतं ते कुणी दाखवावं? आणि शाफ्टला मन नाही, लाज नाही, जबाबदारी नाही. हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. टर्बो धर्म सिद्ध करत नाही. तो फक्त एवढं दाखवतो की नसण्यानं काही बिघडूच शकत नाही, हे म्हणणं टिकत नाही; आणि तेवढं दाखवायला मन नसलेली वस्तूच बरी, कारण तिथं भीती, संस्कार, सवय अशी दुसरी कारणं पुढं करता येत नाहीत. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर कर्मकांडाच्या सोयीचं नाही. अवशेष झडवणं हीच नित्यकर्माची कसोटी असेल, तर ज्या नित्यकर्मानं काहीच झडत नाही ते स्वतःच जाम झालेलं आहे, असं म्हणावं लागेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबांनी विकर्म या शब्दाला जो अर्थ दिला तो इथं नेमका बसतो: बाहेरच्या कर्माला मनाचं जे विशेष कर्म जोडलं जातं ते विकर्म. चक्राला चार फेरे देणाऱ्याची बोटं बधिर असतील तर ती फिरवूनही काही कळत नाही. कुठे कण अडतोय, गेल्या आठवड्यापेक्षा फिरणं जड झालंय का, शाफ्ट बाजूला किती खेळतोय, हे ज्या बोटांना ऐकू येतं त्यांचं ते फिरवणं. माळेचंही तसंच आहे. मणी सरकवणाऱ्या हाताला आपल्यात आज कुठे जडपणा आलाय हे जाणवत नसेल, तर हिशेब १०८ चा पुरा होईल, पण चक्र तसंच अडकलेलं राहील.

तिसरा आक्षेप दोन विरुद्ध दिशांनी येतो. टिळकांचा पक्ष घेणारा म्हणेल, मग थांबूच नका. मंडालेच्या कोठडीत लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ कर्मसंन्यासापेक्षा कर्मयोगच गीतेला इष्ट आहे असं ठासून सांगतं; चालतं इंजिन जाम होत नाही, तेव्हा चालत राहा. पण टर्बोचा पुरावा इतका सरळ नाही. काजळी थांबण्यानं नाही, चालण्यानंच जमली होती. तीही ओझ्याविना, अर्धवट जळत चालण्यानं. पावसाळ्यात इंजिन ‘चालू राहावं’ म्हणून दर दोन दिवसांनी पाच मिनिटं सुरू करून बंद करणारा त्यात ओल आणि काजळीची भरच घालतो. पुरेसं तापल्याशिवाय, पुरेसं ओझं घेतल्याशिवाय केलेलं कर्म थांबण्यापेक्षा वाईट. टिळकांनाही नुसती धावपळ अभिप्रेत नव्हती, फलाशा सोडून केलेलं विहित कर्म होतं. तेव्हा हा आक्षेप त्यांच्यापेक्षा त्यांच्या घाईच्या वाचकांना लागू पडतो. दुसरीकडून अद्वैती म्हणेल, कर्मानं मोक्ष मिळतच नाही, ज्ञानानंच मिळतो. मग फेरे मोजत कशाला बसायचं? याला टर्बोचं उत्तर असं: जाम कशानं झालंय हे पुरतं समजल्यानं चक्र सुटत नाही, पण न समजता हात घातला तर ते कायमचं जातं. शंकराचार्यांनीही कर्माला चित्तशुद्धीची जागा दिलीच आहे. ज्ञान आणि कर्म यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न गुंफेत शोभतो. इंजिनाच्या खणात दोघांचा क्रम लावावा लागतो.

तो क्रम जाम चक्र सोडवण्याच्या रीतीत स्पष्ट दिसतो. अडाणी हात आधी जोर लावतो: नटाला मोठा पाना, नाहीतर पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून झटका. हवेच्या बाजूचं चक्र ॲल्युमिनियमच्या जातीचं. त्याची पाती वाकते, आणि वाकलेली पाती लाखाच्या वेगात तुटून घराच्या चिंधड्या करते. जाणता मेस्त्री आधी दोन्ही बाजू उघडतो आणि अडकलंय कुठे ते पाहतो. गंज सोडवणारं तेल, ते नसेल तर डिझेल किंवा रॉकेल सोडतो आणि रात्रभर मुरू देतो. सकाळी चक्र चिमटीत धरून केसभर पुढे, केसभर मागे. एकाच दिशेनं रेटत नाही. हललं की पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणं. सुटलेली काजळी पुसून घेतो, नाहीतर तीच घसरून बुशमध्ये बसेल. अगदीच अडलं तर घराला बाहेरून बेतानं ऊब देतो. चक्र मोकळं फिरू लागलं तरी काम संपत नाही. शाफ्ट किती खेळतोय, पाती घराला घासते का, हे तपासतो. घासत असेल तर कितीही हलकं फिरलं तरी तो मधला भाग बदलायचा. सगळं ठीक असेल तर आत ताजं ऑइल घालून मगच इंजिन सुरू, आणि तेही सुरू होताच रेस न करता. मोकळं आणि मोक्ष हे एकाच ‘मुच्’ धातूच्या घरातले शब्द. या सगळ्या खटाटोपात शाफ्टला नवं असं काही दिलं गेलं नाही. फिरणं त्याच्यात होतंच; आड आलेलं काढलं, एवढंच. मोक्ष उत्पन्न होत नाही, आवरण दूर होतं, हे अद्वैताचं म्हणणं याहून हाताला लागण्यासारखं कुठं दिसेल? पण आवरण काढण्याला वेळ लागतो, दोन्ही दिशांनी हलवावं लागतं, आणि काढलेलं पुसून टाकावं लागतं. वर्षानुवर्षं न बोललेल्या दोन भावांना एका बैठकीत, सगळ्या नातेवाइकांसमोर, हातात हात द्यायला लावणारे मध्यस्थ त्या मोठ्या पान्याच्याच जातीचे. त्या दिवशी हात मिळतात. वाकलेली पाती पुढच्या लग्नकार्यात तुटते.

श्रावणातल्या पौर्णिमेला वर्सोव्याचा कोळीवाडा नटूनथटून किनाऱ्यावर येतो. वाजतगाजत मिरवणूक निघते, समुद्राला नारळ अर्पण होतो, गाऱ्हाणं घातलं जातं. हे नैमित्तिक कर्म: वर्षातून एकदा, सगळ्यांच्या देखत, निमित्त धरून. त्याचं मोल कमी नाही. समुद्राशी असलेलं नातं उघडपणे म्हणून दाखवायला सणच लागतो. पण त्या नारळाच्या मागे पावसाळ्यातले आठ-नऊ आठवडे आहेत, आणि त्यांत कुणीतरी ताडपत्रीखाली वाकून, डिझेलच्या वासात, एकट्यानं चक्राला दिलेले चार फेरे आहेत. त्यांना वाजंत्री नाही, नैवेद्य नाही, साक्षीदारही नाही. ऑगस्टात ते इंजिन सुरू होतं आणि बारीक शीळ ऐकू येते, तेव्हा त्या फेऱ्यांची आठवण कुणाला येत नाही, कारण घडलेलं काही नसतंच. जाम झालेल्या टर्बोचा मालक म्हणाला होता, काही केलं नाही त्याला. मोकळ्या टर्बोच्या मालकाला विचारलं, की तुम्ही काय केलंत, तर तोही खांदे उडवून म्हणेल, काही विशेष नाही केलं. ऐकायला दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी. पहिल्यात नुसता अभाव आहे. दुसऱ्यात नित्यकर्म आहे, आणि ते करणाऱ्याला ते सांगण्याजोगं वाटत नाही.